नगर परिषद शाळांसाठी ५ स्टार पंखे आणि एलईडी: पर्यावरणपूरक खरेदीच्या अटी कशा लिहाव्यात?

विद्युतशाखा_कवर्ग

नमस्कार मंडळी. आमची 'क' वर्ग नगर परिषद आहे. ९ शाळा, २० खाटांचे प्रसूतिगृह आणि एक अभ्यासिका. शाळांमध्ये छताचे ६४० पंखे आहेत, बहुतेक जुने ७५ वॉटचे. ट्यूबलाइट साधारण ९००, तांब्याच्या चोकवाल्या. राज्याच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानामुळे या वर्षीची विद्युत साहित्य खरेदी पर्यावरणपूरक असावी असे मुख्याधिकारी साहेबांचे म्हणणे आहे. तरतूद साधारण १८ लाख. सगळे ६४० पंखे एकदम बदलून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशरहित डीसी मोटरचे) बसवावेत असा विचार आहे.

मसुद्यात सध्या या अटी आहेत: पंखे 'पर्यावरणपूरक व उच्च दर्जाचे' असावेत, उत्पादकाकडे आयएसओ १४००१ असावे, बोलीसोबत एक नमुना द्यावा, वॉरंटी ५ वर्षे. खरेदी जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरून.

अडचणी अशा:
१) एल-१ ला (सर्वांत कमी बोलीवाल्याला) द्यायचे म्हटले की सर्वांत हलका माल येतो. तो कसा रोखायचा?
२) जास्त अटी घातल्या की 'विशिष्ट कंपनीला फायदा' म्हणून स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप निघतो.
३) पर्यावरणासाठी नेमकी कोणती प्रमाणपत्रे मागावीत?
४) जुने पंखे आणि ट्यूब भंगारात लिलावाने काढायच्या, त्याची पद्धत काय?

जाणकारांनी मसुदा फाडला तरी चालेल.

ऊर्जालेखा

मॅडम, अटींकडे नंतर वळू. आधी काय घ्यायचे आणि कुठे बसवायचे ते ठरू द्या, कारण तुमचा मुख्य निर्णयच हिशेबात बसत नाही.

बहुतेक अंदाजपत्रकांत जुना ७५ वॉट वजा नवा ३० वॉट असे करून ४५ वॉटची बचत दाखवतात. हा आकडा चालू स्थितीतला पंखा काढून टाकण्याच्या निर्णयासाठी बरोबर आहे. पण पंखा जळालाय, नवा घ्यायचाच आहे, तेव्हा तुलना आज बाजारात मिळणाऱ्या साध्या पंख्याशी करावी लागते. पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे स्टार लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे. २०२३ च्या तक्त्यानुसार १२०० मिमीच्या पंख्याला १ स्टारसाठी वॉटमागे किमान ४ घनमीटर प्रति मिनिट हवा द्यावी लागते, ५ स्टारसाठी ६. म्हणजे २१० घनमीटर हवेला १ स्टार पंखा फार तर ५२ वॉट खाईल, ५ स्टार ३५. चांगले बीएलडीसी २८ ते ३० वॉटवर चालतात.

आता तास. एकपाळी शाळेत दिवसाला ६ तास, वर्षाला २२० दिवस, त्यातून थंडीचे आठवडे आणि रिकामे वर्ग वजा करा. १,२०० तास पुष्कळ झाले. दर म्हणून तुमच्या बिलावरचा ऊर्जा आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज घ्या. स्थिर आकार त्यात धरू नका. वीज वाचली तरी तो तसाच राहतो, मंजूर भार कमी करून घेतला तरच फरक पडू शकतो. उदाहरणासाठी ९ रुपये धरतो. पंख्याची आणि एलईडी बॅटनची (पट्टीसह येणाऱ्या दिव्याची) किंमतही अंदाजाने धरली आहे, तुमच्या कोटेशनप्रमाणे बदला.

अ) शाळेतला चालू पंखा काढून बीएलडीसी: ४५ वॉट × १,२०० तास = ५४ युनिट, ४८६ रुपये वर्षाला. पंखा आणि बसवणूक मिळून २,७५० रुपये धरले तर वसुलीला साडेपाच वर्षांच्या वर.

आ) जळालेल्या पंख्याच्या जागी १ स्टारऐवजी बीएलडीसी: २२ वॉट × १,२०० = २६.४ युनिट, साधारण २३८ रुपये. किमतीतला फरक १,१०० रुपये, म्हणजे साडेचार-पावणेपाच वर्षे. पंखा १० वर्षे टिकला तर परवडते, चौथ्या वर्षी आतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेले तर नाही.

इ) प्रसूतिगृह आणि अभ्यासिका, वर्षाला ५,५०० तास: चालू ७५ वॉटचा काढला तरी २४७ युनिट, २,२०० रुपयांच्या वर. सव्वा वर्षात वसूल.

ई) ट्यूब: ३६ वॉटची नळी आणि तांब्याचा चोक मिळून ५० वॉट. २० वॉटची एलईडी बॅटन लावली की ३० वॉट वाचतात, शाळेत ३६ युनिट, ३२४ रुपये. बॅटन ३०० रुपयांच्या आत मिळते. एका वर्षात वसूल.

एकत्र मांडून बघा. ९०० ट्यूब बदलायला २.७ लाख लागतात आणि वर्षाला ३२,४०० युनिट वाचतात. ६४० पंखे बदलायला १७.६ लाख लागतात आणि वाचतात ३४,५६०. जवळपास तेवढीच वीज, खर्च साडेसहापट. शिवाय ६४० चालू पंखे भंगारात घालून नवे ६४० बनवून घेणे याला पर्यावरणपूरक म्हणायला माझा तरी हात धजत नाही.

तेव्हा क्रम असा लावा: सगळ्या ट्यूब, मग प्रसूतिगृह आणि अभ्यासिकेतले पंखे, मग शाळांतले जळालेले, रिवाइंड केलेले, हलणारे. रिवाइंड नीट झाले नसेल तर तोच पंखा ७५ ऐवजी ८५-९० वॉट घेतो, त्यामुळे असे पंखे मीटर लावून शोधा. धड असलेले पंखे असू द्यात, खराब होतील तसे बदला. अहवालात कार्बन दाखवायचा असेल तर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्याच्या आसपास आहे. ट्यूबचे वर्षाला २२-२३ टन होतात.

निविदा_फाईल

ऊर्जालेखा साहेबांचा तक्ता टिपणीला जोडाच मॅडम. 'गरज कशी ठरवली' या प्रश्नाला तेच उत्तर आहे. आता अटींबद्दल. एक कसोटी लावा: माल उतरताना भांडारपाल किंवा तुमचा वीजतंत्री ती अट तपासून हो किंवा नाही सांगू शकतो का? नसेल तर अट काढून टाका.

'पर्यावरणपूरक व उच्च दर्जाचे' हे पहिले काढा. कुणीही 'अनुरूप' लिहून देतो, आणि नाकारायची वेळ आली की तुमच्याकडे मोजमाप नसते.

आयएसओ १४००१ सुद्धा काढा. ते कारखान्याच्या व्यवस्थापन पद्धतीचे प्रमाणपत्र आहे, त्यावरून पंखा किती वीज खातो ते कळत नाही. ट्रेडर ते कुणाचेही जोडतो आणि छोटा उत्पादक विनाकारण बाद होतो. त्याऐवजी ई-कचरा नियमांखालची उत्पादकाची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडची नोंदणी मागा. ती कायद्याने असायलाच हवी आणि मंडळाच्या पोर्टलवर तपासता येते. इकोमार्क या पर्यावरणपूरक वस्तूंच्या सरकारी चिन्हाचे नवे नियम २०२४ मध्ये आले आहेत, पण ज्या वस्तूत तो मार्क असलेले तीन तरी उत्पादक सापडत नाहीत तिथे तो अनिवार्य करू नका. लेखापरीक्षकाचा पहिला बाण तिथेच बसेल.

बोलीसोबत नमुना मागणे जेमवर चालत नाही. खरेदीदाराच्या जादा अटींमध्ये बोलीचा नमुना, ब्रँडचे नाव, परदेशी प्रमाणपत्र असे काही घातले की ती अट रद्दबातल समजली जाते. पैसे देण्याची मुदत बदलणारी अटही तशीच. नमुना बघायचाच असेल तर करार झाल्यावर, मोठा माल यायच्या आधी 'आगाऊ नमुना मंजुरी' घ्या. त्यासाठी जेमच्या अटींच्या संग्रहातले तयार कलम निवडा, स्वतःच्या भाषेत लिहू नका.

पंख्याचे तांत्रिक विवरण मी असे लिहीन:

– पात्यांचा व्यास (स्वीप) १२०० मिमी, आयएस ३७४ प्रमाणे आयएसआय मार्क, परवाना क्रमांक पंख्यावर उमटलेला.
– चालू तक्त्यानुसार ५ स्टार लेबल.
– पूर्ण वेगावर जास्तीत जास्त ३० वॉट आणि हवा किमान २२० घनमीटर प्रति मिनिट. दोन्ही एकाच चाचणी अहवालात, अहवाल एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा, मॉडेल क्रमांक बोलीतलाच.
– पॉवर फॅक्टर (खरे वॉट भागिले व्होल्ट × अँपिअर) किमान ०.९.
– १४० ते २८५ व्होल्टमध्ये चालणारा, सर्ज संरक्षण (व्होल्टेजच्या अचानक उसळीपासून) किमान ४ केव्ही.
– वीज जाऊन आल्यावर आधीचाच वेग धरणारा.
– पॅकिंग नालीदार पुठ्ठ्याचे, थर्माकोल नको.

वॉट आणि हवा हे दोन्ही का? फक्त वॉट लिहिलेत तर पाती अरुंद करून २६ वॉटचा पंखा देतील. तो मुलांच्या डोक्यावर नुसता फिरेल, मग मुख्याध्यापक वर्गात आणखी दोन पंख्यांची मागणी करतील आणि वाचवलेली वीज तिथेच जाईल.

'चालू तक्त्यानुसार' हे शब्द विसरू नका. जुन्या तक्त्यात ज्या कार्यक्षमतेला ५ स्टार मिळत होते, तिला २०२३ च्या तक्त्यात १ स्टार मिळतो. जुन्या लेबलचा माल अजून कुणाच्या गोदामात पडलेला असू शकतो. लेबलवर वैधतेचा कालावधी छापलेला असतो, आणि मॉडेल ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या ॲपवर शोधता येते.

आक्षेपाचे उत्तर फाईलमध्ये आधीच ठेवा. ब्युरोच्या यादीतून तुमच्या विवरणात बसणारी मॉडेल काढा, वेगवेगळ्या पाच-सहा उत्पादकांची तरी असावीत, यादीची तारखेसह प्रत जोडा. तीनपेक्षा कमी उत्पादक बसत असतील तर ३० वॉटचे ३२ करा. सोबत हेही नोंदवा की केंद्राच्या खर्च विभागाने २०१३ मध्येच सरकारी खरेदीत छताचे पंखे ५ स्टार घ्यावेत असे सांगितले आहे, आणि सामान्य वित्तीय नियम २०१७ मध्ये स्टार मानांकनाची तरतूद आहे. हे नियम नगर परिषदेला थेट लागू नाहीत. तुम्हाला राज्याची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आणि लेखा संहिता बघायची आहे. पण अट मनाने घातली नाही एवढे त्यावरून दिसते.

टप्प्याटप्प्याने खरेदी करणार असाल तर पूर्ण आराखड्याला एकच प्रशासकीय मान्यता घ्या आणि त्यातच वर्षनिहाय संख्या दाखवा. मार्चमध्ये चार छोट्या मागण्या काढल्या तर 'तुकडे पाडले' हा आक्षेप ठरलेला.

वीजतंत्री_आयटीआय

साहेब लोकांचे कागद झाले, आता छताकडे बघू. बीएलडीसी शाळेत फेल जातो तो पंख्यामुळे कमी आणि बसवण्यामुळे जास्त.

१. जुना रेग्युलेटर तसाच ठेवून बीएलडीसी जोडतात. या पंख्यात आत एसीचे डीसी करणारा बोर्ड असतो. मागे कॅपॅसिटरवाला किंवा रेझिस्टन्सवाला रेग्युलेटर राहिला की बोर्डाला वेडावाकडा पुरवठा मिळतो, पंखा गुणगुणतो, थांबून थांबून चालतो, शेवटी बोर्ड जाते. कंपनीचा माणूस येतो, भिंतीवर रेग्युलेटर बघतो आणि वॉरंटी नाकारतो. रेग्युलेटर काढून सरळ जोडणी करायची, मोकळ्या जागी कोरी पट्टी लावायची. हे काम अंदाजपत्रकात वेगळी बाब म्हणून धरा, नाहीतर ठेकेदार करत नाही.

२. रिमोट. एका वर्गात चार पंखे असले तर एका रिमोटने चारही फिरतात आणि वर्षाअखेर एकही रिमोट सापडत नाही. शाळेसाठी भिंतीवरून वेग बदलणारे मॉडेल घ्या. बटण झटकन बंद-चालू केले की वेग बदलणारी येतात, आणि बीएलडीसीला चालणाऱ्या खास रेग्युलेटरसह सुद्धा येतात. दुसऱ्या प्रकारात रेग्युलेटर पंख्यासोबतच पुरवायचा असे लिहा.

३. न्यूट्रल. याच्याकडे कुणी बघत नाही. थ्री फेज जोडणीच्या शाळेत मुख्य न्यूट्रल ढिला झाला की ज्या फेजवर भार कमी त्या फेजच्या वर्गांना ३००-३५० व्होल्टसुद्धा जातात. जुना पंखा तेवढा वेळ जोरात फिरतो, तापतो, पण बहुधा वाचतो. बीएलडीसी आणि एलईडी एका तासात रांगेने जळतात. म्हणून नवा माल बसवायच्या आधी प्रत्येक शाळेचे मुख्य बोर्ड उघडा, न्यूट्रल लिंक घासून आवळा, अर्थिंग मोजा आणि डीबीवर (वितरण बोर्डावर) कमी-जास्त व्होल्टेजला तोडणारे संरक्षक यंत्र बसवा. ९ शाळांना मिळून त्याचा खर्च वीस-पंचवीस पंख्यांपेक्षा जास्त होऊ नये.

४. पॉवर फॅक्टरची अट सोडू नका. हलक्या बोर्डांचा करंट तुटक असतो आणि तीन फेजचा तो भाग न्यूट्रलमध्ये एकमेकांना न मारता बेरजेत येतो. जुन्या शाळांत न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक ओढलेली असते. ती तापते आणि वरचा तिसरा मुद्दा घडतो.

५. हूक आणि डाऊनरॉड. जुन्या स्लॅबचे फॅन बॉक्स गंजलेले असतात. प्रत्येक हूक बघा, नवा नटबोल्ट आणि स्प्लिट पिन वापरा. पाती जमिनीपासून किमान ८ फुटांवर राहू द्या.

माल तपासताना: क्लॅम्प मीटरने करंट मोजून २३० ने गुणू नका. त्याला वॉट म्हणत नाहीत. पॉवर फॅक्टर ०.९ असलेला ३० वॉटचा पंखाही त्या हिशेबाने ३३ दाखवेल आणि चांगला माल नाकाराल. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर हजार रुपयांच्या आत येतो, तो घ्या. पंखा तासभर पूर्ण वेगात चालवून मग वाचन घ्या आणि त्या वेळचे व्होल्टेजही लिहा. शंभरात दोन पंखे, पण प्रत्येक खेपेत किमान पाच, खोकी आपण निवडायची. हवा आपल्याला मोजता येत नाही, तिला प्रयोगशाळाच लागते. टॅकोमीटरने फेरे मात्र मोजता येतात. चाचणी अहवालातल्या फेऱ्यांपेक्षा बरेच कमी भरले तर तो पंखा प्रयोगशाळेत पाठवायचा.

विद्युतशाखा_कवर्ग

सर्वांचे आभार. क्रम बदलते: ट्यूब आधी, मग प्रसूतिगृह आणि अभ्यासिका. शाळांतले पंखे वॉटमीटरने तपासून यादी करायला सांगितले आहे.

दोन शंका. वॉरंटी ५ वर्षे ठेवू का? आणि निव्वळ किमतीऐवजी 'किंमत अधिक १० वर्षांची वीज' असा एल-१ काढता येतो असे कुणीतरी सुचवले. ते नियमात बसते का?

लेखाशाखा_निवृत्त

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

आयुष्यखर्चावर मूल्यमापन करता येते, पण सूत्र निविदेतच छापलेले हवे. बोली उघडल्यावर सूत्र काढले तर ते टिकत नाही. विजेच्या क्षेत्रात ट्रान्सफॉर्मर घेताना वीजनाशाची किंमत बोलीत मिळवण्याची पद्धत जुनी आहे, कल्पना नवी नाही. सूत्र साधे: बोलीची किंमत + (वॉट × वार्षिक तास × वर्षे × दर ÷ १,०००). समजा एकाची बोली २,४५० रुपये आणि ३४ वॉट, दुसऱ्याची २,६५० आणि २८ वॉट. १,२०० तास, १० वर्षे, ९ रुपये दराने पहिल्याची वीज ३,६७२, एकूण ६,१२२. दुसऱ्याची ३,०२४, एकूण ५,६७४. महाग वाटणारा ४४८ रुपयांनी स्वस्त पडला.

तरीही तुमच्या खरेदीत मी हे करणार नाही. एक, जेमच्या नेहमीच्या वस्तू-बोलीत एल-१ किमतीवर ठरतो, तिथे हे सूत्र बसवता येत नाही. जेमवर मिळणारी वस्तू बाहेरून घ्यायची तर त्याचे कारण फाईलवर लागते. दोन, सूत्र लावले की प्रत्येक जण २५ वॉट लिहून देणार. मग जाहीर आणि मोजलेल्या वॉटमधल्या फरकाची वसुली कशी करायची याचे कलम हवे, आणि वाद झाला तर कुणाचा मीटर खरा हेही ठरवावे लागते. तीन, पंख्यात बाजारच २८ ते ३५ वॉटच्या पट्ट्यात आला आहे. कमाल ३० वॉटची अट घातली की सूत्राचे बहुतेक काम झाले. हे सूत्र राखून ठेवा पाणीपुरवठ्याच्या पंपांसाठी. तिथे २० तास चालणाऱ्या पंपाची कार्यक्षमता चार-पाच टक्क्यांनी इकडेतिकडे झाली तरी दोन-तीन वर्षांत पंपाची किंमत निघते, आणि खरा पर्यावरणपूरक पैसा तिथेच आहे. शाळेतल्या पंख्यांवर एवढी चर्चा होते आणि जलशुद्धीकरण केंद्रातला जुना पंप कुणी बघत नाही, हे नेहमीचे.

वॉरंटी. निविदा_फाईल यांनी वॉरंटीची अट सोडून दिली, माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. मोटर १० वर्षे टिकते, बोर्ड टिकत नाही. म्हणून नुसते '५ वर्षे वॉरंटी' लिहू नका. बोर्डासह संपूर्ण पंख्याला ३ वर्षे, जागेवर सेवा, तक्रारीनंतर ७ दिवसांत दुरुस्ती किंवा बदली, असे लिहा. ५ वर्षे मागितलीत तर ट्रेडर ती किमतीत धरून देतो आणि चौथ्या वर्षी त्याचा दूरध्वनी लागत नाही. शिवाय कामगिरी हमी (पुरवठादाराने ठेवलेली बँक हमी) वॉरंटी संपल्यावर ६० दिवसांपर्यंत वैध राहायला हवी. मुख्य चूक इथेच होते. बहुतेक ठिकाणी हमी पुरवठ्यानंतर वर्षभरात संपते आणि नंतर हातात काहीच राहत नाही. जेमवर बोली तयार करतानाच हमीचा कालावधी निवडायचा असतो, पुढे बदलता येत नाही.

एकूण संख्येच्या ३ टक्के सुटे बोर्ड पंख्यांसोबतच मागवा आणि भांडारात नोंदवा. पंखे १५० असतील तर ४-५ बोर्ड. मॉडेल बंद झाले की तेच बोर्ड पुन्हा मिळत नाही आणि एवढ्याशा भागासाठी अख्खा पंखा भंगारात जातो.

धातू_आणि_काच

चौथा प्रश्न राहिलाय. लिलावाची जुनी पद्धत इथे चालणार नाही.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२, लागू १ एप्रिल २०२३ पासून. पूर्वी यादी मुख्यत्वे संगणक, टीव्ही, फ्रिज, पारा असलेले दिवे अशी होती, आता पंखेही त्यात आहेत. वर्षात कोणत्याही वेळी यादीतली १,००० किंवा जास्त उपकरणे वापरणारी संस्था 'मोठी ग्राहक' ठरते. तुमचे ६४० पंखे आणि ९०० ट्यूब धरल्या तरी आकडा पार होतो. अशा संस्थेने माल नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रीकरण करणारा यांनाच द्यायचा. लिलाव करा, पण बोली लावायला पात्रता म्हणून केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवरची वैध नोंदणी हवी, आणि नोंदणीत पंखे किंवा दिवे हा प्रकार आहे का तेही बघायचे. नुसते संगणकाचे पुनर्चक्रीकरण करणारा ट्यूबसाठी चालत नाही.

दोन वेगळे लॉट करा. पंख्यांच्या लॉटला पैसे मिळतात, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड असते, तो किलोवर विका. चोकही यातच घाला. ट्यूबच्या लॉटला पैसे द्यावे लागतात, तेवढी तरतूद आधीच ठेवा. दोन्ही एकत्र केले की घेणारा पंखे नेतो आणि ट्यूब वाटेत कुठेतरी फोडतो. प्रत्येक नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो. ९०० नळ्या शाळेच्या आवारात फुटल्या तर ती गंभीर गोष्ट आहे.

नळ्या काढायची पद्धत: नवी ४ फुटी बॅटन ज्या खोक्यातून येते त्याच खोक्यात जुनी नळी त्याच वेळी जायला हवी. म्हणून वर्ग एकेक करून बदला, आणि 'खोकी ठेकेदाराने नेऊ नयेत' असे कामाच्या आदेशात लिहा. बंद, कोरड्या खोलीत उभ्या नकोत, आडव्या रचा, पाच थरांपेक्षा उंच नको. एखादी फुटली तर खिडक्या उघडून खोली १५ मिनिटे रिकामी ठेवा. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक भुकटी चिकटपट्टीने उचला, झाकणाच्या बरणीत बंद करा आणि बरणीही त्याच लॉटमध्ये द्या.

'जुना माल पुरवठादारानेच परत न्यावा' ही अट ऐकायला छान वाटते. बाहेरगावचा ट्रेडर वाहतूक खर्च पंख्याच्या किमतीत घालतो, शेवटी गावातल्याच भंगारवाल्याला विकतो आणि तुम्हाला सहीशिक्क्याचा कागद देतो. स्वतः वेगळा लॉट काढा. वजनपावती, गाडी क्रमांक, घेणाऱ्याची पोच आणि नोंदणीची प्रत, हे चार कागद निर्लेखन (जुना माल साठ्यातून वजा करण्याच्या) नस्तीत लावा.

आणि निर्लेखन समितीने मान्यता द्यायच्या आधी चालू स्थितीतले पंखे वेगळे काढा. अंगणवाड्या, समाजमंदिर, जिथे पंखा वर्षाला दोन-तीनशे तास चालतो तिथे ७५ वॉटचा जुना पंखाच ठीक आहे. भांडार नोंदवहीत हस्तांतर दाखवले की झाले.

विद्युतशाखा_कवर्ग

शेवटचे एक. बॅटनसाठी विवरण काय लिहू? पंख्याइतके तपशील कुणी दिले नाहीत.

वीजतंत्री_आयटीआय

मॅडम, हे घ्या. ४ फुटी, २० वॉट, वॉटमागे किमान ११० लुमेन, पॉवर फॅक्टर ०.९ च्या वर, सर्ज संरक्षण ४ केव्ही, बॉडी ॲल्युमिनियमची. नुसती प्लास्टिकची असली की पत्र्याच्या छताखाली एप्रिल-मेमध्ये आतले ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारे सर्किट) तापून जातात. ड्रायव्हर वेगळा काढून बदलता येणारा हवा, नाहीतर ड्रायव्हर जळाला की अख्खी बॅटन फेकावी लागते. प्रकाशाचा रंग वर्गात ४००० केल्विन ठेवा. फळ्यावर एक बॅटन वेगळ्या बटणावर घ्या.

जुन्या पट्टीतच एलईडी नळी घालायचा मोह टाळा. त्यासाठी बहुतेकदा चोक आणि स्टार्टर काढून जोडणी बदलावी लागते. ती अर्धवट झाली आणि पुढे कुणी तिथे साधी नळी घातली तर शॉर्ट होऊ शकते. पट्टी काढून पूर्ण बॅटनच बसवा.